आयसीयूत नव्या संसर्गाचा संशय आल्यावर रक्ततपासण्या: काय करावे, काय टाळावे

काय करावे

• दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर नवा ताप, घसरते बीपी किंवा अचानक गोंधळलेपण दिसले, तर आधी खाटेपाशी जा. रिपोर्ट नंतर उघडा.

• सेंट्रल लाइनची जागा, लघवीची नळी, जखमा, व्हेंटिलेटरच्या नळीतून येणारा स्राव आणि पाठीवरची शय्याव्रणे स्वतः पाहा.

• ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्या.

• सेप्टिक शॉक असेल तर अँटिबायोटिक तासाभराच्या आत द्या. रक्त काढण्यात वेळ जात असेल तर औषध अडवू नका.

• कल्चरचे दोन संच दोन वेगवेगळ्या जागांहून घ्या, म्हणजे त्वचेवरचा जंतू आणि रक्तातला जंतू यांत फरक करता येईल.

• प्रौढ रुग्णासाठी प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली रक्त भरा. रक्तात जंतू थोडेच असतात, कमी रक्तात ते निसटतात. सगळ्यात जास्त चुकणारा नियम हाच.

• रक्त कमी मिळाले तर एरोबिक बाटली आधी भरा. कँडिडा आणि स्यूडोमोनास ऑक्सिजनमध्ये चांगले वाढतात.

• क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल लावल्यावर त्वचा पूर्ण सुकू द्या, आणि त्यानंतर ती बोटाने पुन्हा चाचपू नका.

• बाटलीचे रबरी बूच अल्कोहोलने पुसा. झाकणाखाली ते निर्जंतुक नसते.

• लाइनवर संशय असेल तर लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी, सारखेच रक्त घ्या. लाइनची बाटली दोन तास किंवा अधिक आधी पॉझिटिव्ह आली तर मूळ बहुधा लाइनमध्येच आहे.

• प्रत्येक बाटलीवर रक्त घेतल्याची जागा आणि वेळ लिहा.

• प्रोकॅल्सिटोनिन संशयाच्या दिवशी एकदा आणि पुढे २४ ते ४८ तासांनी पुन्हा पाठवा. एका आकड्यावरून दिशा कळत नाही.

• प्रोकॅल्सिटोनिन शिखरापासून ८० टक्क्यांनी उतरले किंवा ०.५ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली आले आणि रुग्णही सुधारत असेल, तर अँटिबायोटिक थांबवण्याचा प्रश्न त्याच राउंडमध्ये काढा. या तपासणीचा खरा उपयोग इथे आहे.

• शस्त्रक्रियेनंतर सीआरपी चौथ्या दिवशीही चढत असेल तर जखम आणि आतली गळती शोधा.

• सीआरपीचे एकक वाचा; मिग्रॅ प्रति लीटर आणि प्रति डेसिलीटर यांत दहापट फरक आहे.

• लॅक्टेटचा नमुना लगेच पोहोचवा. नळीतल्या पेशी लॅक्टेट बनवत राहतात.

• कल्चरमध्ये जंतू कळला की त्याच दिवशी नेमक्या औषधावर या.

काय टाळावे

• फक्त प्रोकॅल्सिटोनिन चढले म्हणून अँटिबायोटिक सुरू करू नका. मोठी शस्त्रक्रिया, अपघात, भाजणे आणि बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू होणे, यांतही ते चढते.

• प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे म्हणून खालावत्या रुग्णाचे औषध रोखू नका. सर्व्हायव्हिंग सेप्सिस कॅम्पेनची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वेही सुरुवातीचा निर्णय या आकड्यावर सोपवत नाहीत.

• बुरशीचा संसर्ग किंवा एका जागी कोंडलेला पू असेल, तर कमी प्रोकॅल्सिटोनिनवर विसंबू नका.

• मूत्रपिंडे निकामी असलेल्या रुग्णाला प्रोकॅल्सिटोनिनची नेहमीची मर्यादा लावू नका; त्याचा आकडा मुळातच वर असतो.

• यकृत निकामी असताना किंवा टोसिलिझुमॅब दिले असताना सीआरपी कमी आले, तरी निर्धास्त होऊ नका.

• स्टेरॉइडवर असलेल्या रुग्णाच्या वाढलेल्या पांढऱ्या पेशी लगेच संसर्गाच्या खात्यात टाकू नका.

• अ‍ॅड्रेनलिन चालू असताना वाढलेल्या लॅक्टेटचा दोष एकट्या संसर्गाला देऊ नका.

• अल्ब्युमिन किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर लगेच बीटा-डी-ग्लुकान पाठवू नका. खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

• अँटिबायोटिक चालू आहे म्हणून कल्चर सोडून देऊ नका. पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्या.

• सोय म्हणून जुन्या लाइनमधूनच दोन्ही संच काढू नका.

• कल्चरच्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवू नका, रात्रपाळीत टेबलावरही राहू देऊ नका.

• बाटलीच्या बारकोडवर नावाची चिठ्ठी चिकटवू नका.

• एकाच बाटलीत कोअ‍ॅग्युलेज-निगेटिव्ह स्टॅफिलोकोकस आला म्हणून लगेच व्हॅन्कोमायसिन लावू नका. बहुतेकदा तो त्वचेवरचा असतो.

• कँडिडा किंवा स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र एका बाटलीतही आला तरी दूषित नमुना म्हणून सोडू नका. इथे चूक जिवावर बेतते.

• रोज सकाळी सवयीने सगळे मार्कर पाठवू नका. आयसीयूतल्या रुग्णाचे रक्त नमुन्यांपायीही कमी होते आणि बिल घरच्यांना भरावे लागते.

• नातेवाइकांना नुसता आकडा सांगून परत पाठवू नका. रुग्ण कालच्यापेक्षा बरा आहे की नाही, ते आधी सांगा.