पोरक्या मुलांचा कैवार कसा घ्यावा?

विद्यार्थिमित्रांनो, ‘कैवार’ हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. खेळात तंटा झाला म्हणजे थोरला भाऊ धाकट्याचा कैवार घेतो आणि बापाचा राग अनावर झाला म्हणजे आई लेकराचा कैवार घेते. परंतु ज्या मुलाला आईबापांचे छत्र उरलेले नाही, जे नातलगांच्या, परक्याच्या घरी अथवा बालगृहात वाढत आहे, त्याचा कैवार कोणी घ्यावा व कसा घ्यावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तो सोपा आहे असे समजून मी एकदा मोठी चूक केली. तीच प्रथम सांगतो. कारण गुरुजींच्या चुकीपासून शिष्यांना शिकता आले तर ती अगदीच वाया गेली असे होणार नाही.

जालन्याहून भोकरदनकडे जाणाऱ्या रस्त्यावर राजूर हे गणपतीचे प्रसिद्ध गाव आहे. चतुर्थीला तेथे यात्रेकरूंची रीघ लागते. काही वर्षांपूर्वी या गावचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. त्याचा बाप वारला होता व पुढे वर्षाच्या आतच आईही गेली. तो व त्याची सहा वर्षांची बहीण वृद्ध आजीपाशी राहत. मुलगा हुशार, परंतु आठवड्यातून दोन दिवस तरी हटकून गैरहजर. एका चतुर्थीला तो मला देवळाबाहेर नारळाच्या दुकानी राबताना दिसला. मला कळवळा आला. मी त्याच रात्री बालकल्याण समितीच्या नावे अर्ज लिहिला, की या मुलाच्या शिक्षणाची हानी होत आहे, करिता त्याची व बहिणीची सोय बालगृहात व्हावी. अर्जाची भाषा मला स्वतःलाच फार आवडली होती! समितीने मुलाला त्याची इच्छा विचारली, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “सर म्हणतात तसं.” भाऊ मुलांच्या गृहात गेला आणि बहीण दुसऱ्या गावी मुलींच्या गृहात.

तीन आठवड्यांनी मी त्याला भेटावयास गेलो. नवी पुस्तके नेली होती. त्याने ती बाजूला ठेवली व मला एवढेच विचारले, “सर, तिची वेणी आता कोण घालतं?”

मग मी जे आरंभी करावयास हवे होते ते केले. त्याच्याजवळ बसलो व विचारले. आजी औषधासाठी जाई त्या दिवशी बहिणीपाशी कोणी नसे, म्हणून तो घरी राही. दुकानातील मजुरी आजीच्या औषधाला लागे. गावातच सख्खी आत्या होती. तिची दोघांनाही ठेवून घेण्याची तयारी होती, केवळ खर्चाची धास्ती होती. यातील एकही गोष्ट माझ्या त्या सुंदर अर्जात नव्हती. मी त्याच्यासाठी बोललो होतो खरा, परंतु त्याचे काहीच बोललो नव्हतो.

आपल्या पुराणात कर्णाची कथा आहे. अधिरथ व राधा यांनी त्याला पोटच्या पोराप्रमाणे वाढविले आणि तोही स्वतःस राधेय म्हणवून घेण्यात भूषण मानी. परंतु भर रंगमंडपात त्याचे कुळ विचारले गेले, तेव्हा सत्य जाणणारी कुंती गप्प राहिली. याउलट पवित्र शास्त्रातील निर्गमाच्या पुस्तकात बाळ मोशेची गोष्ट आहे. आईने त्याला लव्हाळ्यांच्या पेटाऱ्यात घालून नदीकाठी ठेवले, तेव्हा त्याची बहीण दूर उभी राहून पाहत होती. राजकन्येला बाळाची दया आली, त्याच क्षणी ती पुढे झाली व दाई आणू का, असे तिने विचारले. तिने आणलेली दाई म्हणजे बाळाची आईच! त्या मुलीपाशी ना अधिकार होता, ना वक्तृत्व. ती बाळाच्या घरची हकीकत जाणत होती, आणि वेळेवर बोलली.

आता व्यवहाराकडे वळू. आईबापांच्या पश्चात मूल वाढविण्याचे मार्ग निरनिराळे आहेत. दत्तक घेतलेले मूल कायमचे त्या घरचे होते. प्रतिपालनात मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहते. नाव व नाते पूर्वीचेच राहते व त्याच्यावर समितीची देखरेख असते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिच्यातून अनाथ, एकच पालक असलेल्या अथवा संकटग्रस्त कुटुंबातील मुलांच्या घरगुती पालनास साहाय्य मिळते. या योजनेस पुढे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले आणि 2023 पासून साहाय्याची रक्कम मुलामागे दरमहा 2,250 रुपये झाली. हे नाव यथार्थ आहे. जोतीराव व सावित्रीबाई यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, आणि 1874 साली जन्मलेल्या यशवंतास दत्तक घेऊन त्याला डॉक्टर केले.

या सर्व बाबतींत निर्णय देणारी संस्था म्हणजे बालकल्याण समिती. 2015 च्या बालन्याय अधिनियमान्वये प्रत्येक जिल्ह्यात अशी निदान एक समिती असावी लागते. तिच्यात एक अध्यक्ष व चार सदस्य असतात व तिला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. निराधार मूल आढळल्यास प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत त्याला समितीपुढे नेले पाहिजे. पोलीसच नव्हे, तर कोणीही समाजहितदक्ष नागरिक त्यास नेऊ शकतो. मूल स्वतःही जाऊ शकते. याच कायद्यात आणखी तीन गोष्टी आहेत, ज्या मला त्या रात्री ठाऊक असावयास हव्या होत्या. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय समजावा. प्रतिपालक कुटुंब निवडताना, हिताला बाधा येत नसेल तर भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्व प्रयत्न करावा. आणि आपल्यासंबंधीच्या प्रत्येक निर्णयात आपले म्हणणे मांडण्याचा मुलाला हक्क आहे; त्याचे वय व समज पाहून त्या म्हणण्याचा विचार झाला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी 1989 साली संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या 12 व्या कलमातही हेच तत्त्व आहे. भारताने ती संहिता 1992 साली स्वीकारली.

परदेशातही हे ज्ञान सहजासहजी आले नाही. 1874 साली न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या दहा वर्षांच्या मुलीचा तिच्या पालनकर्त्या घरी अतोनात छळ होत होता. एटा व्हीलर या सेवाभावी बाईने शेजाऱ्यांकडे चौकशी करून पुरावा गोळा केला व प्रकरण न्यायालयापर्यंत नेले. मुलीने तेथे आपली हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगितली. पालनकर्त्या बाईला शिक्षा झाली आणि मुलीची रवानगी एका संस्थेत झाली. ती जागा तिला योग्य नाही असे दिसताच व्हीलरबाई पुन्हा खटपटीस लागल्या, व अखेर मुलगी त्यांच्याच आप्तांच्या घरी सुखाने वाढली. पुढे 1977 साली सिएटल येथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी अशा मुलांची बाजू मांडण्याकरिता सामान्य नागरिकांना शिकवून तयार करण्याची प्रथा सुरू केली. म्हणजे कैवार घेणे ही केवळ अंतःकरणाची ऊर्मी नसून ती शिकण्याची विद्या आहे.

या विद्येचे पाठ मला उमगले ते असे. पहिला पाठ ऐकण्याचा. मुलाला एकदा विचारून भागत नाही. मोठ्यांसमोर ते “तुम्ही म्हणाल तसं” असेच म्हणते. त्याच्यासंगे चार पावले चालावे, वारंवार भेटावे, मग ते मनातले बोलते. दुसरा पाठ सत्याचा. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले व मनाने तर्क केलेले यांची गल्लत करू नये. “मुलगा दुःखी दिसतो” यापेक्षा “जून महिन्यात नऊ दिवस गैरहजर, कारण विचारता त्याने असे सांगितले” हे वाक्य समितीच्या अधिक उपयोगी पडते. तिसरा पाठ न्यायाचा. मुलाची इच्छा व त्याचे हित यांत कधी अंतर पडते. आपल्याला त्याची इच्छा हिताची वाटली नाही, तरी ती त्याच्याच शब्दांत आधी सांगावी व आपले मत वेगळे सांगावे. किशोरवयीन मुलास तर स्वतः बोलण्यास धीर द्यावा. अठरावे वर्ष सरल्यावर कोठे राहावयाचे, काय शिकावयाचे, ही चिंता त्याला आधीपासूनच ग्रासत असते. चौथा पाठ मौनाचा. अशा मुलाचे नाव, छायाचित्र वा शाळा प्रसिद्ध करणे कायद्याने निषिद्ध आहे. ओट्यावर त्याची कहाणी सांगत बसणे हेही निष्ठुरपणाचेच होय. पाचवा पाठ चिकाटीचा. निर्णय झाला म्हणजे आपले काम संपले असे नाही. मूल नव्या घरी कसे आहे हे पुनःपुन्हा पाहावे लागते.

आमच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारल्यावाचून तुम्ही राहणार नाही. मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात अलंकार नव्हते; मुलाचे शब्द, आत्याची तयारी व माझ्या पहिल्या अर्जातील उणीव एवढेच होते. समितीने घरची चौकशी करविली आणि दोन्ही भावंडे बालसंगोपनाच्या साहाय्याने आत्याच्या घरी आली. आजीचे घरही जवळच होते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढील खाडे कमी झाले. गणित मात्र अद्याप कच्चेच राहिले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे!

पालकहो, आपल्या घरी दिराचे, बहिणीचे वा शेजाऱ्याचे पोरके मूल असेल, तर त्याच्यादेखत त्याच्यावरील खर्चाचा हिशेब मांडू नका, आणि शासनाचे साहाय्य मागण्यात कमीपणा मानू नका. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या बाकावर असे कोणी बसत असेल, तर ‘तुझे आईबाप कुठे आहेत’ असे चारचौघांत विचारू नका. त्याला खेळात घ्या, डबा त्याच्यासंगे खा. त्याला मारहाण होते अथवा ते भयभीत आहे असे कळले, तर विश्वासातील शिक्षकांना सांगा, किंवा 1098 या क्रमांकावर दूरध्वनी करा. तो मुलांसाठीच आहे. मात्र त्याआधी, जमेल तर, त्याच्या शेजारी बसून ‘तुला काय वाटतं?’ एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.