न दिसणारी चोरी आणि अडवून ठेवलेली मजुरी

वाचनासाठी: निर्गम 20:15, लेवीय 19:13, याकोब 5:4, लूक 19:8



आपल्यापैकी काहींची मुले कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये शिकत असतील. विधाननगर हे त्या वसाहतीचे अधिकृत नाव. तेथील पाचव्या सेक्टरात संगणक कंपन्या व अभियांत्रिकी महाविद्यालये शेजारी शेजारी आहेत. कायद्याचे राष्ट्रीय विद्यापीठही याच वसाहतीत आहे. वसतिगृहातला मुलगा सुट्टीत घरी येतो तेव्हा त्याच्या संगणकात हजारो गाणी असतात, त्यांत उपासनागीतेही असतात. गायकवृंदासाठी आपण ती कौतुकाने मागून घेतो. ती कोठून आली हे मात्र विचारत नाही.

भारतातील अनेक वसतिगृहांच्या अंतर्गत जाळ्यांवर 'डीसी प्लस प्लस' नावाची देवाणघेवाण वर्षानुवर्षे चालत आली. आत प्रवेश हवा तर स्वतःचाही ठरावीक साठा इतरांना खुला करावा लागे. टॉरंटची रीत हीच: गाण्याचा तुकडा आपल्याकडे उतरत असतानाच दुसऱ्याकडे जात असतो. म्हणून "मी फक्त ऐकतो" हे मुलाचे म्हणणे प्रामाणिक असले तरी खरे नसते. नकळत तो वाटप करणारा झालेला असतो.

आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे या अपराधाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्याच्या लाभासाठी केले नसेल, तर कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. हा अपराध दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये सांगितले. 2012 साली कोलकाता उच्च न्यायालयानेच 104 संगीत संकेतस्थळे बंद करण्यास 387 इंटरनेट पुरवठादारांना फर्मावले होते. अमेरिकेत 2003 साली महाविद्यालयीन जाळ्यांवर अशी सोय चालविणाऱ्या चार विद्यार्थ्यांवर दावे झाले; 12,000 ते 17,500 डॉलर देऊन त्यांना तडजोड करावी लागली. आपल्याकडील विद्यार्थ्याला अधिक जवळचा धोका महाविद्यालयाचाच असतो. जाळ्यावर प्रत्येक यंत्राची ओळख नोंदलेली असते, आणि खाते बंद झाले की अभ्यासही अडतो. शिवाय गाण्याच्या नावाखाली विषाणू येतो तो वेगळाच.

परंतु भीती हा पाठाचा अर्धाच भाग झाला. मुले विचारतात, "गाणे तर मालकाजवळच राहिले, मग चोरीला काय गेले?" प्रश्न टाळण्यासारखा नाही. निर्गमातील आज्ञेत चोरीसाठी 'गानव' हे इब्री क्रियापद आहे. त्यात गुपचूप नेण्याचा भाव आहे. लेवीय 19:13 मध्ये मात्र 'आशक' असे दुसरे क्रियापद येते, आणि लगेच मजुराच्या वेतनाचा उल्लेख होतो. एखाद्याचे देणे दाबून ठेवणे, असा त्याचा रोख आहे. भाषांतर करताना या शब्दापाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. वस्तू जागच्या जागी असते. श्रमणाऱ्याचा हात तेवढा रिकामा राहतो. माझ्या मते गाण्याच्या नकलेला हाच शब्द अधिक लागू पडतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना मानधनातील समान वाटा राखून दिला. पण विक्रीच झाली नाही तर वाटा कशाचा?

कोलकात्याजवळच्या श्रीरामपूरला 1811 साली मराठी नवा करार छापला गेला. विल्यम कॅरी यांचे नाव आपण घेतो. त्यांना मराठीत साहाय्य करणाऱ्या पंडित वैजनाथांचे कितीजण घेतात? गीतांचेही असेच होते. गाणारा आठवतो, लिहिणारा विसरला जातो.

तेव्हा गायकवृंदाने गीतकाराला पत्र लिहून अनुमती मागावी. ती पुष्कळदा आनंदाने मिळते. मुलाला अधिकृत सेवा दाखवाव्यात. जाहिराती सोसल्या तर कित्येक गाणी तेथे विनामूल्य ऐकता येतात. आणि जे आधीच घेतले, त्याचे काय? जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले. पुढे वाटली गेलेली नक्कल आता परत बोलावता येत नाही, पण संगणकातील यादी मुलासोबत बसून वाचता येते, आणि त्यातला जो गीतसंग्रह त्याला खरोखर प्रिय आहे तो विकत घेता येतो.