भांडखोर माशाची टाकी

मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दुरुस्तीनंतर २०१५ साली ते पुन्हा उघडले, तेव्हा मी शाळेत होतो, आणि तिथल्या काचेच्या बोगद्यातून बाहेर यायला तयार नव्हतो. २०२० च्या साथीत त्याचे दार लागले. समुद्र पाहायला मिळत नाही तर तो घरीच आणू, असे माझ्या मनाने घेतले, आणि दोन वर्षांपूर्वी दोन फुटी टाकीत मी तीन डॅमसेल व एक पिकासो ट्रिगर सोडला. नवव्या दिवशी एकटा ट्रिगर उरला. बाराव्या दिवशी तोही गेला. घरचे म्हणाले, मासा खुनशी होता. पुढे वाचन केल्यावर दोष कोणाचा ते मला कळले. म्हणून हा लेख.

प्रथम माशाची ओळख. अंगावरच्या रेघारेघांमुळे याला त्या चित्रकाराचे नाव मिळाले. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. पाठीवरचा पहिला काटा उभा केला की तो अडकून बसतो आणि दुसरा काटा दाबल्याखेरीज खाली येत नाही. रात्री हा मासा कपारीत शिरून काटा उभारतो; मग त्याला कोणी ओढून काढू शकत नाही. दात जन्मभर वाढतात, म्हणून त्याला कठीण कवच फोडायला हवे. दादरच्या बाजारातल्या तिसऱ्या, सालासकट करंदी, अधूनमधून माकूल, एवढ्यावर तो खूश असतो. निसर्गात तो फूटभर होतो. दोन फुटी टाकीत मी काय करून बसलो होतो, हे आता वाचकांच्या ध्यानी येईल.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच टाकीत सुमारे ३४० लिटर पाणी मावते. लहान पिल्लासाठी एवढी पुरे. मोठा झाल्यावर सहा फुटी लागेल. पाणी, काच व दगड धरून वजन चारशे किलोंच्या वर जाते. परळ-लालबागच्या जुन्या चाळीत लाकडी तुळयांच्या मजल्यावर हा प्रयोग मुळीच करू नये. तळमजला पाहावा.

पाणी गिरगाव चौपाटीवरून बादलीने आणण्याचा मोह होतो. तो आवरावा. तिथे सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात खारेपणाही उतरतो. नळाचे पाणी क्लोरीन जाण्यासाठी दिवसभर हवा सोडून ठेवावे व लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या हिशेबाने समुद्री मीठ घालावे. म्हणजे एका टाकीला जवळजवळ १२ किलो! स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही असते.

आता खरी कसोटी, धीराची. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. एक जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. पहिली दोन्ही द्रव्ये विषारी आहेत, आणि हे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडू नये. नुसती एक करंदी कुजत ठेवावी. माझा ट्रिगर बहुधा या अमोनियानेच गेला.

डॅमसेल मात्र त्यानेच मारले. कॉनराड लोरेन्झ (१९७३ च्या नोबेलचा एक मानकरी) याने १९६३ च्या आपल्या आक्रमकतेवरील पुस्तकाची सुरुवात प्रवाळातल्या माशांपासून केली आहे. त्याला असे दिसले की भडक रंगाचा मासा सर्वांत जास्त तुटून पडतो तो आपल्याच जातीच्या माशावर, कारण त्याच्या अन्नाचा नि जागेचा वाटेकरी तोच असतो. (माणसांविषयीचे त्याचे निष्कर्ष वादग्रस्त ठरले, नळावरची भांडणे पाहता मला ते सगळेच टाकाऊ वाटत नाहीत.) तेव्हा एका टाकीत दोन ट्रिगर नकोत. सोबती वेगळ्या घडणीचे नि अंगाने दणकट असावेत: शेपटीच्या बुडाशी पाते असलेला सर्जन मासा, किंवा वामीच्या आकाराची स्नोफ्लेक मोरे. मोरेसाठी झाकण घट्ट हवे, ती बाहेर निसटते. सिंहमासा दिसायला देखणा, पण ट्रिगर त्याचे पर कुरतडतो. खेकडे, गोगलगायी म्हणजे तर त्याचे जेवण.

सोडण्याचा क्रमही उलटा हवा. गरीब मासे आधी, ट्रिगर सर्वांत शेवटी. जो आधी येतो तो टाकी आपली मानतो. नंतर नवा मासा आणायचाच झाला तर आधी दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या की मालकाचाही जोर थोडा कमी होतो. दगडांऐवजी न रंगवलेल्या मातीच्या कुंड्या चालतात. कठीण प्रवाळ मात्र घरात ठेवणे वन्यजीव कायद्याने मना आहे, मग दुकानदार काहीही सांगो.

काकांच्या तळमजल्यावरच्या खोलीत माझी चार फुटी टाकी आता पाण्याने भरून उभी आहे. आत एक करंदी कुजते आहे, आणि आजी त्या बाजूने जाताना नाकाला पदर लावते. पाचवा आठवडा चालू आहे. अमोनिया शून्यावर आला. नायट्राइट अजून थोडे दिसते.