नदीकाठचे शेतघर : शँपूई गावाचा धडा

घराची किंवा गोठ्याची जागा ठरवताना आपण रस्ता पाहतो, पाणी पाहतो, शेजार पाहतो. नदी किती वर चढेल हे मात्र म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीवर सोपवतो. ती आठवण पुरी पडत नाही, हे अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या शँपूई गावावरून समजते. (नावाच्या शेवटी ‘ग’ लिहितात, पण उच्चारीत नाहीत.) विलामेट नदीकाठी, पोर्टलंड शहराच्या दक्षिणेस, या गावाच्या जागी आज सरकारी ऐतिहासिक उद्यान आहे. कोणाची मुले तिकडे असतील आणि जाणे झाले, तर ते अवश्य पाहावे.

मूळचे रहिवासी कालापुया लोक. माळावरचा कामास नावाचा कंद हे त्यांचे मोठे अन्न. १८३० च्या सुमारास हडसन बे कंपनीची चाकरी सोडलेले फ्रेंच-कॅनेडियन कॅथॉलिक आपल्या आदिवासी बायकामुलांसह येथे गहू पेरू लागले. धर्मगुरू नसतानाच त्यांनी १८३६ मध्ये जवळच्या सेंट पॉल येथे ओंडक्यांचे चर्च उभारले. तेथे पहिली मिस्सा ६ जानेवारी १८३९ रोजी झाली. रस्ते नव्हते. गहू नदीतूनच जाई, म्हणून वखार काठावर आणि वखारीभोवती गाव. गुरे मारणाऱ्या लांडग्यांच्या बंदोबस्तासाठी शेतकऱ्यांच्या सभा झाल्या, त्यांतूनच विषय पुढे सरकून २ मे १८४३ रोजी शँपूईला हंगामी सरकार स्थापण्याचा ठराव झाला!

नदीने रोगही आणला. १८३० ते १८३३ या काळात जहाजांच्या वाहतुकीबरोबर आलेल्या हिवतापाने बहुसंख्य कालापुया मेले. डास तेथे होतेच, रोगजंतू नवा होता. तेव्हा कारण कोणालाच ठाऊक नव्हते. डासाच्या पोटात तो जंतू रोनाल्ड रॉस यांना १८९७ मध्ये आपल्या सिकंदराबादेत सापडला. पूर ओसरल्यावर घराभोवतीची डबकी बुजवावीत असे आरोग्य कर्मचारी सांगतात, ते याचसाठी.

डिसेंबर १८६१ मध्ये मुसळधार पाऊस आणि वितळलेला बर्फ एकत्र आले. नदी उन्हाळी पातळीच्या सुमारे ५५ फूट वर चढली. गावात ७ फूट पाणी फिरले आणि घरेदुकाने वाहून गेली. रॉबर्ट न्यूएल यांचे घर उंचवट्यावर होते, ते वाचले. पूरग्रस्तांना तेथेच आसरा मिळाला. आजची वास्तू मात्र त्या जागी पुन्हा बांधलेली आहे.

उद्यानात शेतकऱ्याने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो मॅन्सन यांच्या लाकडी कोठाराला. ते १८६२ चे, म्हणजे पुराच्या लगेच दुसऱ्या वर्षीचे. शेजारी त्या काळच्या पद्धतीची परसबाग राखली आहे. शेत सोडून जाणे कोणाला परवडते? नदीकाठची जमीन कसावीच, पण बियाणे, कडबा, खते आणि गुरे यांची जागा चढावर असावी. कृष्णा-दूधगंगेकाठच्या वाचकांनी २०१९ च्या पुराची खूण भिंतीवर रंगवून ठेवावी, आणि नवे जोते त्याहूनही वर घ्यावे.

शँपूईत काहींनी पुन्हा घरे बांधली. १८९० मध्ये पूर परत आला. आता तेथे गवत आहे, आणि जुने रस्ते कोठे होते ते दाखवणारे खांब.