आवाज न करणारा बूट

प्रश्न : माझी मुलगी लेस्टरला असते, मुलगा न्यू जर्सीत. परवा मुलीचा फोन आला, “आई, आर्याला नवे ट्रेनर्स घेतले.” मी म्हटलं, सहा वर्षांच्या पोरीला ट्रेनर कशाला गं? तर ती म्हणाली, “अगं आई, ट्रेनर्स म्हणजे बूट!” मुलाकडे अगदी तसल्याच बुटांना स्नीकर्स म्हणतात. मी शब्दकोश उघडला. ‘स्नीक’ म्हणजे चोरपावलांनी जाणे, असं त्यात दिलंय. लहान मुलांच्या बुटाला चोराचं नाव का पडलं असेल? आणि आपण मराठीत कोणता शब्द वापरावा?
— एक आजी, पुणे

उत्तर : आजी, तुम्ही शब्दकोश उघडलात हे फार आवडलं. तुमची शंका रास्त आहे, फक्त त्यातला चोर बाजूला ठेवा. स्नीक या क्रियापदात चोरीपेक्षा पाऊल महत्त्वाचं. कुणाला चाहूल लागू न देता जाणं, एवढाच त्याचा गाभा. मांजरही तसंच जातं आणि झोपलेल्या बाळाजवळून उठणारी आईही.

या बुटाला चाहूल का नाही, ते त्याच्या तळव्यात आहे. एकोणिसाव्या शतकातले बूट चामड्याच्या तळव्याचे, पुष्कळदा टाचेला खिळे मारलेले. फरशीवर माणूस चालला की चार खोल्यांपलीकडे कळायचं. रबर तेव्हाही माहीत होतं, पण उन्हाळ्यात ते चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. 1839 साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला आढळलं, की गंधक मिसळून तापवलं की रबर लवचीक राहतं आणि टिकतंही. 1844 मध्ये त्याने पेटंट घेतलं. पुढे कापडी बुटाला रबरी तळवा लागला आणि पावलाचा आवाज गेला.

आता नावाकडे येऊ. ते प्रथम कुणाच्या तोंडी बसलं, ते मला या शब्दाच्या गोष्टीतलं सगळ्यात सुरेख वाटतं. 1862 साली लंडनमध्ये स्त्रियांच्या तुरुंगातल्या जीवनावर एक पुस्तक निघालं. लेखक म्हणून त्यावर ‘तुरुंगातली मेट्रन’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात ते फ्रेडरिक विल्यम रॉबिन्सन या कादंबरीकाराने लिहिलं होतं. ब्रिक्स्टनच्या तुरुंगात रात्रपाळीच्या पहारेकरणी रबरी पादत्राणं घालून फिरत आणि कैदी बायका त्या पादत्राणांना ‘स्नीक्स’ म्हणत, अशी नोंद त्यात आहे. त्या बायकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. अंधार आहे, दार बंद आहे आणि बाहेर कुणी उभं आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. त्या भीतीतूनच हे नाव आलं.

पंचवीस वर्षांनी, 1887 मध्ये, बॉस्टनच्या एका शिक्षणविषयक नियतकालिकात ‘स्नीकर्स’ हा शब्द सापडतो. शाळेतली मुलं टेनिसच्या बुटांना हे नाव देत. ते किती चपखल आहे हे मास्तरांनाच कळेल, असं तिथे म्हटलंय. तुरुंगात पहारेकरणीचे पाय वाजत नव्हते, शाळेत पोरांचे. दोन्हीकडे नाव मात्र पहाऱ्याखाली असलेल्यांनीच ठेवलं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. केड्स या बुटांच्या जाहिराती करणाऱ्या एका अमेरिकी गृहस्थाने 1917 साली हा शब्द घडवला, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. केड्स बाजारात आले 1916 मध्ये. शब्द त्याआधी तीस वर्षं पोरांच्या तोंडी होता. जाहिरातींनी तो घरोघरी नेला असेल, जन्माला घातला नाही. केड्सनेही भाषेत जागा मिळवलीच, पण दुसरीकडे. रशियन माणूस कापडी बुटांना आजही ‘केदी’ म्हणतो आणि बंगाली घरांत ‘केड्स’ हा शब्द अजून ऐकू येतो.

तुमच्या मुलीचा ‘ट्रेनर्स’ साधा आहे. सरावाला घालायचे ते ट्रेनिंग शूज, त्याचं आखूड रूप. इंग्लंडमध्ये त्याच्याआधी ‘प्लिमसोल’ चालायचं. मुंबईच्या गोदीत जहाजाच्या कुशीवर वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ दिसते ना? माल भरताना ती रेघ पाण्याखाली जाता कामा नये. 1876 साली सॅम्युअल प्लिमसोल या खासदाराने झगडून तशी खूण कायद्याने सक्तीची करून घेतली. कापडी बुटात तळवा आणि कापड जुळतात तिथे रबराची पट्टी असते. पाणी तिच्यावर चढलं की पाय भिजलाच. म्हणून त्या बुटाला खासदाराचं नाव पडलं. वेल्समध्ये ‘डॅप्स’, आयर्लंडमध्ये ‘रनर्स’ म्हणतात. अमेरिकेतही सगळे स्नीकर्स म्हणत नाहीत. तुमच्या मुलाच्या ईशान्य भागात तो शब्द पक्का, इतरत्र बहुतेक ठिकाणी टेनिस शूज आणि शिकागोकडे जिम शूज.

आपल्याकडे मात्र पायातलं वाजावं याचं कौतुक. कोल्हापुरी वहाण करकर वाजावी म्हणून कारागीर मुद्दाम मेहनत घेतो. गडी वळणावर असतानाच ओसरीवर कळतं, कोण येतंय ते. न वाजणाऱ्या बुटाला मराठीने वेगळं नावच ठेवलं नाही. आम्ही शाळेत त्याला ‘पीटीचे बूट’ म्हणायचो. शुक्रवारी रात्री ओल्या स्पंजने पांढरं पॉलिश चढवायचं, रबराच्या पट्टीवर आलेले ओघळ नखाने खरवडायचे आणि बूट खिडकीत वाळत ठेवायचे. शनिवारी कवायतीला पहिलं पाऊल आपटलं की त्यातून पांढरी धूळ उडायची.

स्नीकर हा शब्द मला खरा कळला तो वडिलांच्या आजारपणात. रात्री तीनला जाग आली, तर सिस्टर सलाइनची बाटली बदलत होत्या. त्या केव्हा आल्या ते कळलंच नव्हतं. पायांत पांढरे, रबरी तळव्याचे बूट होते. वडिलांची झोप मोडली नव्हती. ब्रिक्स्टनच्या बायकांना जी शांतता जाचत होती, ती त्या रात्री आम्हाला हवी होती.

वापराचं विचारलंत, तर मराठीत ‘बूट’ पुरेसा आहे. इंग्रजीत बूट म्हणजे घोटा झाकणारं पादत्राण. आपण तो शब्द घेतला आणि सगळ्या बंद पादत्राणांना दिला, तो आता आपलाच. वेगळेपण दाखवायचं असेल तेव्हा ‘खेळाचे बूट’ किंवा ‘कापडी बूट’ म्हणा. ‘स्नीकर्स’ हल्ली आपल्या दुकानांतही चालतो, पण जीन्सवर घालायच्या सपाट तळव्याच्या बुटांसाठी. पळायचे हवे असतील तर ‘स्पोर्ट्स शूज’ मागा. शब्द वापरलाच तर बुटासारखा पुल्लिंगी ठेवा. नवे स्नीकर्स, एक स्नीकर हरवला. ‘ट्रेनर’ मात्र मराठीत व्यायामशाळेतला माणूसच राहू द्या. फोनवर तुमचा गोंधळ झाला त्यात तुमची चूक नव्हती.

आणि घरात घालायच्या सपाता तुमच्याकडे असतील, तर आर्याला त्या जरूर दाखवा. सपात हा शब्द पोर्तुगीज ‘सापातु’वरून आपल्याकडे आला. पोर्तुगालमध्ये आज आर्याच्या वयाची मुलं जे खेळाचे बूट घालतात, त्यांना म्हणतात ‘सापातील्या’. म्हणजे तिच्या ट्रेनर्सचं एक भावंड आजीच्या पायात कधीपासून आहे.