फेस बसेपर्यंत

बीड जिल्ह्यातल्या आमच्या केजला घरी बिअर करता येत नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९चा आहे आणि परवान्याशिवाय त्यातून सुटका नाही. माझा पुतण्या मात्र अमेरिकेत असतो. तिथे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करायला मोकळीक मिळाली. तो गॅरेजमध्ये बिअरची बादली आंबवतो, मी परसात शेतासाठी जीवामृताचा ड्रम. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघं एकमेकांना आपापला फेस दाखवतो. तुम्हा काका-पुतण्याला बोलायला दुसरं काही नाही का, असं बायको विचारते. खरं तर नाही.

१. आंबवणाऱ्याचं काम गूळ पडायच्या आधीच संपलेलं असतं. त्यानंतर आपण फक्त बघे. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत जीवामृताला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, साधारण तेवढंच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. आणि आपल्याकडे ड्रम मिळतो तोही २०० लिटरचाच. कागदावर हिशेब चोख बसतो, फेसाने कुठे जायचं हे कागद सांगत नाही. मी आता ड्रम वीतभर रिकामा ठेवतो आणि बाकीच्या वस्तू त्या मानाने कमी घेतो. पुतण्या बादलीचा चौथा हिस्सा मोकळा सोडतो. कंजूष माणसाला हे जड जातं. रिकामी जागा दिसली की ती भरावी असं माझ्या हाताला वाटतंच.

२. जोर गुळाचा असतो, पण उतू जाण्याचं खापर बेसनावर फोडायला हवं. वायू नुसत्या गूळपाण्यातूनही निघतो. बुडबुडे वर येतात, फुटतात, संपलं. बेसनातली प्रथिनं त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी दुपारी गोणपाट उचलून बघा: वर पिवळट-तपकिरी जाड थर, मधे बोराएवढे बुडबुडे, कडेला शेणातल्या काड्या अडकलेल्या, आणि कान जवळ नेला तर बारीक चरचर. चिलटं तर आपल्या आधी हजर. बिअरचंही असंच, तिथे सातूतली प्रथिनं हे काम करतात. यात मला उशिरा कळलेली गोष्ट काठीची. ढवळायचं म्हणून काठी एकदम तळाशी घातली की पाण्यात मुरलेला वायू एका दमात सुटतो आणि फेस कोपरापर्यंत येतो. आधी वरच्या वर हलवायचं, मग सावकाश खाली जायचं. घाई असेल त्या दिवशी ढवळूच नये.

३. पुतण्या स्वच्छतेचा भोक्ता झालाय. ज्याला लहानपणी हात धू म्हणून चार वेळा सांगावं लागायचं, तो आता चमचासुद्धा जंतुनाशकातून काढतो, विकतच्या पाकिटातलं यीस्ट मोजून टाकतो आणि बादलीवर झाकण ठेवताना श्वास रोखतो. इकडे मी मूठभर माती टाकून मोकळा. तो म्हणतो, काका, तुम्ही सगळ्या गावाला आवतण देता. बरोबरच आहे. पाश्चरने १८७६ मध्ये बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं, त्याचा रोखच हा होता की नको ते सूक्ष्मजीव आत शिरले म्हणजे बिअर बिघडते. पुतण्याला एकाच पाहुण्याचं जेवण घालायचंय, मला पंगत बसवायचीय. गंमत म्हणजे कॅमेऱ्यासमोर धरलं की दोन्हीकडचा फेस सारखाच दिसतो. सोवळ्याओवळ्याचा पत्ता वास आल्यावरच लागतो, आणि व्हिडिओ कॉलवर वास येत नाही हे माझं नशीब.

४. उन्हाशी वाद घालू नये. मे महिन्यात केजला पारा चाळिशी ओलांडतो, त्यात आंबताना ड्रम स्वतःची उष्णता काढतो ती वेगळी. तिकडे पुतण्याला बिअर १८-२० अंशांवर हवी असते, फार तापली की चव उग्र होते म्हणतात. म्हणून तो बादलीला ओला टॉवेल गुंडाळून पंखा लावतो. मी लिंबाखाली ड्रम ठेवून ओलं गोणपाट टाकतो. शिकलेला तो, पण युक्ती माठाचीच! येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, आंबील आठवा. ज्वारीचं पीठ, ताक, लसूण, मातीच्या बिंदगीच्या तोंडाला फडकं. मार्गशीर्षातली थंडी तिला घाई करू देत नाही, म्हणून ती आंबटगोड लागते. तेच मिश्रण उन्हाळ्यात ठेवलं तर तोंड वेडंवाकडं होतं. ड्रमचंही हिवाळ्यात आठवडाभर रेंगाळणं आणि वैशाखात दोन दिवसांत उरकणं मी आता निमूट मान्य केलंय.

५. वायूचं माप कळल्यावर मी झाकणं सैल करायला शिकलो. एक किलो साखर पुरती आंबली तर जवळजवळ अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अडीचशे लिटरच्या वर वायू. बायको मोसंबीच्या सालींचं बायोएन्झाइम करते: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, मुदत नव्वद दिवसांची. तीनशे ग्रॅम गूळ म्हटलं तरी साठेक लिटर वायूची तयारी झाली, आणि बाटली पाच लिटरची! बाटलीचा तळ गोल फुगतो, मग ती उभी राहत नाही, लोळते. काचेची तर घेऊच नये. पहिला महिना रोज झाकण सैल करायचं आणि फुस्स झालं की पुन्हा लावायचं. पुतण्याच्या बादलीला वायू बाहेर काढणारी नळी असते, ती पाहून मीही सलाईनची नळी झाकणात बसवून तिचं दुसरं टोक पाण्याच्या तांब्यात सोडलं. दिसायला झकास, पण एका सालीच्या धाग्याने ती बुजली. नळी आहे म्हणून आपण निर्धास्त, आणि आत दाब वाढतोय. पुतण्या अंगठ्याएवढी जाड नळी का वापरतो हे तेव्हा उमगलं.

६. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, हे पुस्तकाआधी आपल्या जुन्या लोकांना पेवांनी शिकवलं होतं. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरत नसे. आधी तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. म्हणून बंद खोलीत ड्रम नको, यावर मी अडून बसतो. बाकी बाबतीत मी घरात फारसा कुठे अडत नाही.

७. आंबलेल्या गुळाचा वास भिंत मानत नाही. आपल्याकडच्या पेपरात हातभट्टीवर छापा पडला की ‘गूळमिश्रित रसायन नष्ट’ हे ठरलेलं वाक्य असतं, त्यामुळे निळा ड्रम आणि तो वास म्हटल्यावर शेजाऱ्यांनी काय समजायचं ते समजलं. एक-दोघांनी तर आडून किंमतही विचारली. शेण पडलंय म्हटल्यावर गेले.

८. फेस बसला म्हणजे झालं, असं नाही. पुतण्या फेस उतरल्यावरही हायड्रोमीटर बुडवून बसतो. दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच बाटल्या भरतो, नाहीतर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बाटल्या फुटतात. माझ्याकडे आकडा नाही. आंबूस वास आहे तोवर जीवामृत शेताला द्यायचं, सडका यायला लागला की उशीर झाला. ठिबकमधून सोडायचं तर फडक्यातून दोनदा गाळायचं, नाहीतर शेवटच्या ओळीला थेंब जात नाही. मोजमाप सगळं नाकाचं. मला सर्दी असली की बायकोला बोलावतो. तिने पदर नाकाला लावला तर उशीर, नुसतं तोंड मुरडलं तर अजून दोन दिवस हातात आहेत.