भीमेच्या खोऱ्यातील सहल

शिरूर हे गाव घोड नदीच्या तीरावर वसले आहे. म्हणूनच पुष्कळ लोक त्याला घोडनदी या नावानेही ओळखतात. तेथील एका शाळेच्या सातवीच्या वर्गाने मार्गशीर्ष महिन्यात दोन दिवसांची सहल काढण्याचे ठरविले. कोणी महाबळेश्वर सुचविले, कोणी अलिबागचा समुद्रकिनारा. डोंगर, बेट आणि किल्ला ही तिन्ही पाहावयास मिळालीच पाहिजेत, असा मुलांचा आग्रह होता. गुरुजी हसून म्हणाले, "तिन्ही पाहू, पण शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपासून फार लांब न जाता."

मुलांचे चेहरे उतरले. उसाच्या आणि ज्वारीच्या या सपाट मुलखात पाहण्यासारखे काय असणार, असे प्रत्येकाला वाटले.

पहाटे एस. टी. ची गाडी निघाली ती बेटाकडे. शिरूर तालुक्यात उत्तरेस कुकडी आणि दक्षिणेस घोड या दोन नद्या वाहतात. दोन्ही सह्याद्रीत उगम पावतात आणि पुढे एकमेकींना मिळतात. त्यांच्या मधल्या प्रदेशाला लोक 'बेट' म्हणतात. जांबूत, पिंपरखेड, टाकळी हाजी ही या भागातील गावे. समुद्रातल्या बेटासारखे चहूकडे पाणी येथे नाही. तरी दोन नद्यांनी कवेत घेतलेल्या भूमीला दुसरे कोणते नाव शोभणार? पाण्यामुळे येथे ऊस पिकतो आणि उसाच्या फडात बिबट्या दडतो. म्हणून येथील माणसे अंधार पडल्यावर शेतात एकटीदुकटी जात नाहीत.

टाकळी हाजी आणि पलीकडचे निघोज यांच्यामध्ये कुकडीचे पात्र आहे. तेथे गाडी थांबली. समोरचे दृश्य पाहून मुले स्तब्ध झाली. काळ्या कातळात शेकडो खळगे कोरलेले होते. काही वाटीएवढे, काही रांजणाएवढे, तर काही विहिरीसारखे खोल. यांनाच रांजणखळगे म्हणतात.

"हे कोणी खोदले, गुरुजी?" एकाने विचारले.

"पाण्याने," गुरुजी म्हणाले. "हा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थर आहे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले गोटे एखाद्या खोलगट जागी गरगर फिरत राहतात आणि जात्याप्रमाणे खडक झिजवितात. हजारो वर्षे हे काम चालू आहे."

गुरुजींनी कोणालाही काठाच्या पुढे जाऊ दिले नाही. शेवाळलेल्या खडकावरून पाय घसरला, तर त्या खोल पाण्यातून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर येणे कठीण असते. परत फिरताना एका मुलाने काठावरचा एक गुळगुळीत गोटा आठवण म्हणून खिशात टाकला.

गाडी आता दक्षिणेकडे वळली. न्हावरे मागे पडले, भीमेचा पूल आला आणि दौंड तालुका सुरू झाला. चौफुल्यावरून यवत गाठून गाडी भुलेश्वराच्या डोंगराला लागली. हे मंदिर पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावच्या हद्दीत आहे. पण तेथून खाली पाहिले की दौंडचा हिरवा मुलूख दूरवर पसरलेला दिसतो. इ. स. १६३० च्या सुमारास विजापूरच्या दरबारातील मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले आणि या डोंगरावर दौलतमंगळ नावाचा किल्ला बांधला. त्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत.

मंदिर मात्र किल्ल्याहून जुने, यादवकाळातील आहे. बाहेरून ते साधेच दिसते. अंधाऱ्या पायऱ्या चढून आत गेले की काळ्या पाषाणातील कोरीव काम पाहून डोळे दिपतात. हत्ती, सिंह, रामायण-महाभारतातील प्रसंग, आणि एके ठिकाणी चक्क स्त्रीरूपातील गणपती! पण पुष्कळ मूर्तींचे हात नाहीत, कित्येकांचे चेहरे छिन्नविच्छिन्न झाले आहेत.

मुले पुढे गेली. तो गोटेवाला मुलगा एका खांबापाशी मागे राहिला. त्याने खिशातून गोटा काढला आणि त्याच्या कडेने खांबावर आपल्या नावाचे पहिले अक्षर ओढले. इतक्यात गुरुजींचा हात त्याच्या खांद्यावर पडला. मुलगा थरथर कापू लागला. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "हा खांब ज्याने घडविला, त्याचे नाव येथे कोठे दिसते का, पाहा बरे."

मुलाने खांब वरपासून खालपर्यंत न्याहाळला. मग दुसरा पाहिला, तिसरा पाहिला. नाव कोठेच नव्हते.

"ज्याने जन्म वेचून हे कोरले, त्याला आपले नाव घालावेसे वाटले नाही," गुरुजी म्हणाले. "आणि आपण काय केले म्हणून घालायचे?"

मुलाने मान खाली घातली. पंच्याच्या ओल्या टोकाने त्याने तो ओरखडा पुसण्याचा प्रयत्न केला. धूळ गेली, ओरखडा राहिला.

रात्रीचा मुक्काम दौंडला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी भीमा ओलांडून मुले पेडगावला पोहोचली. भीमेच्या उत्तर तीरावरील हा भुईकोट श्रीगोंदे तालुक्यात येतो. मोगल सुभेदार बहादुरखान कोकलताश याची येथे छावणी होती. त्याच्यावरूनच किल्ल्याला बहादुरगड हे नाव पडले. आता त्याला धर्मवीरगड असेही म्हणतात. ढासळलेला तट, नदीचे पाणी वर खेचणाऱ्या मोटेचे बांधकाम आणि लक्ष्मीनारायणाचे सुंदर मंदिर मुलांनी पाहिले.

नंतर गुरुजींनी सर्वांना सावलीत बसविले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना याच ठिकाणी औरंगजेबापुढे आणले होते. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांचा वध झाला. त्यांची समाधी वढू बुद्रुक येथे आहे.

"वढू तर आपल्या शिरूर तालुक्यात!" एक मुलगी उद्गारली.

"होय," गुरुजी म्हणाले, "आणि तुळापूर-वढूवरून येणारी भीमाच या तटाखालून वाहते."

मुले बराच वेळ नदीकडे पाहत राहिली. कोणीही महाबळेश्वराचे नाव काढले नाही.

परतीच्या वाटेवर गाणी झाली, भेंड्या झाल्या. गोटेवाला मुलगा मात्र खिडकीशी गप्प बसला होता. पुढे सुट्टीत तो वडिलांबरोबर पुन्हा टाकळी हाजीला गेला आणि काठावर उभे राहून त्याने तो गोटा कुकडीच्या पात्रात सोडून दिला.

स्वाध्याय

१. मुलांचे चेहरे प्रथम का उतरले?
२. रांजणखळगे कसे तयार होतात, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. 'धूळ गेली, ओरखडा राहिला' या वाक्यातून काय सुचविले आहे?
४. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' ही म्हण या पाठाला कशी लागू पडते?
५. आपल्या गावाजवळची एखादी जुनी वास्तू पाहा आणि तिच्याविषयी दहा ओळी लिहा.